नभोवाणीची उमेदवारी

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी कुटुंब-मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



महोत्सवाच्या दिवशी वक्त्याने संस्थेची स्तुती करावी, देणगीदारांची नावे घ्यावी आणि जेवण थंड होण्यापूर्वी खाली बसावे, असा प्रघात आहे. स्तुती अध्यक्षांच्या भाषणात झाली, नावे अहवालात छापून आली. जेवणाचे तेवढे आम्ही लक्षात ठेवू. आम्हांस मिळालेली मिनिटे आम्ही एका लहान दिसणाऱ्या विषयासाठी मागून घेतली आहेत.

ट्रस्टच्या शिष्यवृत्तीवर आपली काही मुले-मुली बेळगाव, कोल्हापूर, धारवाड, पुणे येथे पत्रकारिता आणि जनसंज्ञापन शिकतात. पूर्वी आपली मुले शिक्षक होत, कारकून होत, फार तर कंपाउंडर होत. आता कोणी म्हणतो, मला निवेदक व्हायचे आहे; कोणी म्हणते, मला ध्वनिमुद्रण शिकायचे आहे. वडील मंडळी विचारतात, 'यात पोट भरेल का?' प्रश्न रास्त आहे. पण त्याच्याही आधीचा एक प्रश्न आहे, तो असा की ही मुले हे काम शिकतात तरी कोठे? वर्गात बसून नभोवाणी शिकणे म्हणजे काठावर बसून पोहणे शिकणे होय. आमच्या शाळेतून गेलेल्या एका विद्यार्थ्याने आम्हांस सांगितले की, त्याच्या महाविद्यालयात ध्वनिमुद्रणाची खोली होती, काचेची भिंत होती, माइक होता. मात्र खोलीला कुलूप असे आणि किल्ली ज्यांच्याकडे ते रजेवर असत. तीन वर्षांत त्याचा आवाज त्या खोलीबाहेर एकदाही गेला नाही. पदवी मिळाली. आज तो मोबाइलच्या दुकानात काम करतो. काम प्रामाणिक आहे, त्याबद्दल आमची तक्रार नाही. पण त्याच्या फीचे पैसे आपण भरले होते, आणि ते ज्या कामासाठी भरले ते काम त्याने एक दिवसही केलेले नाही.

जुन्या मराठीत 'उमेदवारी' असा एक सुरेख शब्द होता. निवडणुकीमुळे त्याचा अर्थ बिघडला. सुताराकडे, शिंप्याकडे, वकिलाकडे मुलगा उमेदवारी करी, म्हणजे खऱ्या गिऱ्हाइकाच्या खऱ्या कामावर हात बसवी. शिंप्याच्या उमेदवाराने बाही चुकवली तर गिऱ्हाईक तेथेच ओरडे. नभोवाणीत तशी उमेदवारी मिळते का, आणि आपल्या या सीमेवरच्या मुलखात ती देता येईल का, एवढेच आम्हांस आज मांडावयाचे आहे.

प्रथम दोन उदाहरणे. पहिले आपल्याच राज्यातले. म्हैसूरच्या महाराजा कॉलेजात डॉ. गोपालस्वामी हे मानसशास्त्राचे प्राध्यापक होते. १९३५ साली त्यांनी स्वतःच्या घरात एक लहान प्रक्षेपक बसवला. त्याची शक्ती होती ३० वॅट. न्हाणीघरात जो मिणमिणता दिवा आपण लावीत असू, तेवढी. एवढ्याशा शक्तीवर त्यांनी गाणी, भाषणे, मुलाखती म्हैसूरकरांच्या कानी घातल्या. त्या केंद्राला नाव मिळाले 'आकाशवाणी'. पुढे ते म्हैसूर संस्थानाने चालविले आणि स्वातंत्र्यानंतर तेच नाव साऱ्या देशाच्या नभोवाणीने घेतले. ज्या नावाने आपण सरकारी खाते ओळखतो, ते एका महाविद्यालयीन शिक्षकाच्या घरातून निघाले आहे. शिक्षकाच्या जातीला एवढा अभिमान आज क्षम्य मानावा.

दुसरे उदाहरण अमीन सायानी यांचे. त्यांचा आवाज ज्यांनी ऐकला नाही असे घर आजच्या या मंडपात नसेल. त्यांच्या मातोश्री कुलसुम सायानी साक्षरतेच्या कामासाठी 'रहबर' नावाचे पत्र काढीत; देवनागरी, उर्दू आणि गुजराती अशा तीन लिप्यांत. सोपी हिंदुस्तानी हा मुलगा त्या कामात हातभार लावताना शिकला. थोरले बंधू हमीद सायानी इंग्रजी निवेदक होते. त्यांच्यामागून हा माइकापर्यंत पोचला. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात शिकत असता त्याच आवारातल्या स्टुडिओत रेडिओ सिलोनसाठी कार्यक्रम मुद्रित होत आणि फिती विमानाने कोलंबोला जात. त्या वेळी दिल्लीत नभोवाणीखात्याचे मंत्री आपले बाळकृष्ण विश्वनाथ केसकर. त्यांना सिनेसंगीताचे वावडे. त्यामुळे गाण्याचा श्रोता सिलोनकडे वळला होता. डिसेंबर १९५२ मध्ये 'बिनाका गीतमाला' सुरू झाली, तेव्हा अमीनभाई विशीत होते. आठवड्याला २५ रुपये मिळणार आणि त्यात लिहिणे, बोलणे, कार्यक्रम बसविणे आणि आलेली पत्रे तपासणे सर्व आले. जाणत्यांनी नाकारलेले काम या पोराच्या गळ्यात पडले, असे ते स्वतः सांगत. पहिल्या कार्यक्रमाला सुमारे ९,००० पत्रे आली.

आता विद्यार्थीमित्रांनो, या २५ रुपयांकडे पाहू नका, त्या ९,००० पत्रांकडे पाहा. कोणत्या गावाहून कोण काय लिहितो, कोणता शब्द त्याला समजला नाही, कोठे तो हसला, हे ज्याने पत्रे फोडून वाचली त्याला कळले. प्राध्यापक ते सांगू शकत नाही. अमीनभाई २० फेब्रुवारी २०२४ रोजी वारले. त्यांच्या बोलण्यात शेवटपर्यंत जी आपुलकी होती ती अशा पत्रांतून आलेली होती, असे आमचे मत आहे.

श्रोता उलट बोलतो तेव्हाच नभोवाणी शिकता येते, याचा आणखी एक पुरावा आपल्या शेजारी आहे. १९५६ साली युनेस्कोच्या साहाय्याने पुणे केंद्रावरून शेतकऱ्यांसाठी एक प्रयोग झाला. पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि आपले शेजारी कोल्हापूर या जिल्ह्यांतील सुमारे दीडशे गावांत श्रोतृमंडळे स्थापिली. आठवड्यातून दोनदा अर्धा तास, असे दहा आठवडे. ऐकायचे, मग आपसांत चर्चा करायची, मग प्रश्न पुण्याला लिहून पाठवायचे, आणि त्यांची उत्तरे पुढच्या कार्यक्रमात यायची. कल्पना मूळची कॅनडातली. पण पुण्याच्या निवेदकाला खत म्हणजे काय, रोग म्हणजे काय, हे कागलकडच्या शेतकऱ्याच्या प्रश्नातून कळावे, ही गंमत मराठी होती. तेव्हा निपाणी मुंबई राज्यातच होती. नोव्हेंबरात ती म्हैसूर राज्यात गेली. तो वाद आज येथे नको.

सीमेवरच्या माणसाचे कान मात्र त्यानंतरही दोन्हीकडे राहिले. धारवाड केंद्र १९५० पासून कन्नड बोलत होते. सांगली केंद्र १९६३ मध्ये मराठी बोलू लागले. सुई थोडी इकडे सरकवली की कन्नड, थोडी तिकडे की मराठी, आणि रात्री सिलोन. तंबाखूच्या वखारीत, विडीच्या सुपाशी, केशकर्तनालयात तीन भाषा एकाच पेटीतून येत आणि कोणी भांडत नसे.

यंत्रांविषयी फार बोलत नाही; तेवढेच बोलणारे पुष्कळ आहेत. फितीचा काळ गेला. त्या काळी नको असलेला खोकला काढून टाकायचा तर फीत ब्लेडने तिरकी कापून चिकटपट्टीने जोडीत. कापलेले वाक्य खाली जमिनीवर पडे आणि चुकीचे कापले असेल तर गुडघ्यावर बसून शोधावे लागे. मग कॅसेट आली, मग संगणक, आणि आता ज्या मोबाइलवर आपली मुले रात्री बारापर्यंत जागतात तोच माइक, तीच फीत आणि तेच कात्रीचे टेबल झाला आहे. २६ मे २०२४ रोजी दूरदर्शनच्या किसान वाहिनीवर कृष आणि भूमी नावाचे दोन निवेदक आले. ते माणसे नव्हेत, संगणकाने घडविलेल्या आकृती आहेत, आणि पन्नास भाषांत बोलू शकतात असे सांगितले गेले. पालकांनी आम्हांस विचारले, 'सर, मग आता आमच्या पोरांचे काय?' आम्ही म्हणालो, ज्याला केवळ दुसऱ्याने लिहिलेले शुद्ध उच्चारात वाचता येते त्याची नोकरी धोक्यात आहे, हे खरे. पण यमगर्णीला पाणी रस्त्यावर आले की नाही, हे कृष-भूमीला कोणीतरी सांगावे लागते. तो कोणीतरी आपला मुलगा असू शकतो.

हे आम्ही उगाच म्हणत नाही. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पुणे-बंगळूर महामार्ग बंद पडला होता. वेदगंगा, दूधगंगा, पंचगंगा सगळ्या फुगलेल्या. त्या दिवसांत प्रत्येक घरात फोन होता आणि प्रत्येक फोनवर बातमी होती: अमुक धरण फुटले, तमुक पूल गेला, दूध येणार नाही. कोणते खरे, कोणते खोटे? पाठविणाऱ्याने विचारले नव्हते, पुढे ढकलणाऱ्यानेही विचारले नाही. म्हणजे पाहा, आपली सारी मुले आजच नभोवाणी चालवीत आहेत, फक्त उमेदवारी न करता. एका शब्दाने दोन मोहल्ल्यांत काय होऊ शकते हे सीमेवरच्या आणि मिश्र वस्तीच्या गावात राहणाऱ्यास सांगावे लागत नाही. 'पाठविण्यापूर्वी तहसील कचेरीत फोन कर, दोन माणसांना विचार, वेळ लिहून ठेव,' हे ज्या मुलाच्या हाडी बसले, तो त्या आठवड्यात साऱ्या गावाच्या उपयोगी पडला असता. पुस्तकात हा धडा असतो. परीक्षेत त्यावर पाच गुणही असतात.

कायदा आता या कामाला अनुकूल आहे, हे विश्वस्तांनी जाणून घ्यावे. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की रेडिओलहरी ही सरकारची खाजगी मालमत्ता नव्हे, ती जनतेची आहे. त्या पीठावर न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते, हे मराठी माणसाने विसरू नये. खटला मात्र क्रिकेटच्या सामन्यांवरून उभा राहिला होता! २००२ अखेर शिक्षणसंस्थांना स्वतःचे लहान केंद्र काढण्याची परवानगी मिळाली. १ फेब्रुवारी २००४ रोजी चेन्नईच्या अण्णा विद्यापीठात देशातले पहिले असे केंद्र सुरू झाले. पुणे विद्यापीठाची 'विद्यावाणी' २००५ मध्ये आली. नोव्हेंबर २००६ पासून सेवाभावी संस्थांनाही दार उघडले, आणि २००८ मध्ये साताऱ्याच्या म्हसवडला 'माणदेशी तरंग' सुरू झाले. बेळगावात के. एल. ई. संस्थेचे 'वेणुध्वनी' आहे. सांगली जिल्ह्यात जत तालुक्यातल्या जालिहाळला 'येरळावाणी' आहे. जत म्हणजे कन्नड आणि मराठी एकाच ओट्यावर बसणारा तालुका, अगदी आपल्यासारखा.

अशा केंद्राची शक्ती १०० वॅट, मनोरा ३० मीटर, आवाज साधारण दहा किलोमीटर. बेळगावचे केंद्र निपाणीला ऐकू येणार नाही; मध्ये पाऊणशे किलोमीटर आहेत. निम्मा तरी कार्यक्रम स्थानिक हवा. जाहिरात तासाला बारा मिनिटांपर्यंत, ही सवलत २०२४ ची. स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. आकाशवाणीच्या जशाच्या तशा लावता येतात. यावर आमचे तरुण मित्र नाराज होतात. पण बारकाईने पाहा: पाणीपुरवठा, वीज, साथीचे रोग, नैसर्गिक आपत्ती, परीक्षा, प्रवेश, नोकऱ्या, उरूस-जत्रा यांची माहिती देण्यास मुभा आहे. नळाला पाणी कधी येणार हे अचूक सांगण्याइतकी कठीण परीक्षा दुसरी नाही. चुकलात तर बायका घागरी घेऊन दारात येतील.

आता काही उत्साही मंडळी म्हणतात की महोत्सवाच्या निधीतून आपणच केंद्र काढावे. आपला ट्रस्ट नोंदलेला आहे, त्याने पन्नास वर्षे सेवा केली आहे. परवान्यासाठी तीन वर्षे पुरतात. तरीही आमचे स्पष्ट मत आहे की आज केंद्र काढू नये. मनोरा उभा राहतो, फोटो निघतो, पाहुणे येतात. मग रोज सकाळी सहाला उठून त्यावर बोलणार कोण? आठवडाभर पुरेल एवढे बोलणे आपल्याजवळ तयार नसता यंत्र विकत घेणे म्हणजे म्हैस नसता धारेची चरवी घासणे. शिवाय रोजचे वीजबिल, दुरुस्ती, पगारी माणूस हे सर्व शिष्यवृत्तीच्याच पैशातून जाईल, आणि ते आम्हांस पाहवणार नाही.

त्याऐवजी दोन गोष्टी कराव्या. शिष्यवृत्तीत फीबरोबर उमेदवारीचाही खर्च धरावा. सुट्टीतले दोन महिने मुलाने किंवा मुलीने सांगलीस, बेळगावास, जालिहाळास, म्हसवडास, जेथे घेतील तेथे, चालत्या केंद्रावर काम करावे. बसभाडे, जेवण आणि राहणे ट्रस्टने द्यावे. घ्याल का, हे विचारण्यास विश्वस्तांनी स्वतः जावे. विद्यार्थ्याचा अर्ज टेबलावर पडून राहतो. पांढऱ्या केसांना खुर्ची मिळते. मुलींच्या बाबतीत पालक विचारतात की राहणार कोठे, परतीची शेवटची बस कितीची. हे विचारणे जुनाटपणाचे आहे असे आम्ही मुळीच मानीत नाही. उत्तर देणे हे ट्रस्टचे काम आहे. पण एक सांगतो: ज्या घरांत मुलीचा चेहरा पडद्यावर नको म्हणतात, त्या घरांतही तिच्या आवाजाला सहसा हरकत नसते. आमच्या वर्गात उत्तम वाचन करणाऱ्या दहा मुलांत सात मुली असतात. तो आवाज दहावीनंतर स्वयंपाकघरात जाऊन बसतो.

दुसरी गोष्ट म्हणजे एक खोली. ट्रस्टच्या इमारतीत माडीवर जुन्या रजिस्टरांची खोली आहे. ती मोकळी करावी आणि मुलांच्या ताब्यात द्यावी. तेथे त्यांनी आपल्या माणसांचे आवाज मुद्रित करावे. यात काय शिकण्यासारखे आहे, असे वाटेल. म्हणून घडलेली एक हकिकत सांगतो.

आमची एक माजी विद्यार्थिनी जनसंज्ञापनाच्या दुसऱ्या वर्षात आहे. तिची दादी चाळीस वर्षे विड्या वळीत होती. मुलीने फोनवर दादीची मुलाखत घ्यायचे ठरविले. पहिल्या दिवशी पंख्याची घरघर, शेजारच्या मिक्सरचा आवाज आणि दारात दूधवाला; काही ऐकू येईना. दुसऱ्या दिवशी तिने खिडक्या लावल्या आणि भिंतीला दोन वाकळा टांगल्या. आवाज स्वच्छ आला. पण ऐकून पाहते तो चौदा मिनिटांत अकरा मिनिटे ती स्वतःच बोलत होती. शेवटी दादीच म्हणाली, 'तूच बोलती बैठी, मैं कब बोलनेका?' तिसऱ्या दिवशी मुलगी गप्प बसली. तेव्हा दादीने सांगितले, पान रात्री कसे भिजवायचे, कापताना शीर कोठे ठेवायची, हजार विड्यांच्या हिशेबात नापास म्हणून बाजूला काढलेल्या विड्यांची मजुरी कशी बुडे, आणि १९८१ साली तंबाखू शेतकऱ्यांचे आंदोलन झाले त्या दिवसांत घरात चूल कशी पेटे. हे सांगताना ती दखनीत सुरू झाली, मालकाचे बोलणे मराठीत बोलली आणि बाजारातल्या बाईचे कन्नडात. मुलीला वाटले, भाषा शुद्ध नाही, एकाच भाषेत पुन्हा बोलायला सांगू का? आम्ही म्हटले, हात लावू नकोस.

मुद्रण झाल्यावर तिने ते दादीला ऐकविले. दादीने एक नाव काढून टाकायला सांगितले. त्या माणसाची नातवंडे गावात आहेत. मुलीने काढले. बोलणाऱ्याला ऐकविल्याशिवाय काही बाहेर जाऊ द्यायचे नाही, हा नियम ती कोणत्याही पुस्तकाशिवाय शिकली. आम्ही तोच नियम त्या खोलीच्या दारावर लावावा म्हणतो.

तीन भाषा हे आपल्या मुलांना ओझे वाटते. शाळेत कन्नड, घरी दखनी, गल्लीत मराठी. प्रत्येक भाषेच्या परीक्षेत दोन-दोन गुण कापले जातात, हे आम्ही स्वतः लाल शाईने करतो, तो आमचा धंदाच आहे. परंतु चिकोडीचा शेतकरी, बेळगावची भाजीवाली आणि निपाणीची विडी कामगार यांना त्यांच्या-त्यांच्या बोलीत प्रश्न विचारू शकेल असा निवेदक पुण्या-बंगळुरात तयार होत नाही. तो येथेच होतो. पूर येवो, साथ येवो, कोणी अफवा उठवो, तिन्ही दारांत जाऊन बोलणारा माणूस त्या दिवशी लागतो. ज्या आजी-आजोबांकडून ही बोली शिकायची ते सत्तरीच्या पुढे आहेत. आम्ही ज्यांचे आवाज घ्यावे म्हणून नावे लिहिली होती, त्यांतली दोन नावे गेल्या पावसाळ्यात खोडावी लागली.

दोन वर्षांत त्या खोलीतून शंभर तासांचे ऐकण्याजोगे मुद्रण निघाले, तर परवान्याचा अर्ज आम्ही स्वतः लिहून देऊ. नाही निघाले, तर रजिस्टरे पुन्हा आत ठेवता येतील. नुकसान काहीच नाही.

विश्वस्तांची बैठक पुढच्या महिन्यात आहे. खोली मोकळी करण्याचा ठराव त्या बैठकीत यावा, अशी आमची विनंती आहे. किल्ली दोन असाव्या आणि त्यांतली एक विद्यार्थ्यांकडे असावी. भिंतींसाठी आठ-दहा वाकळा लागतील. नव्या नकोत, जुन्या जाड्या असतील तितक्या बऱ्या. ज्या भगिनींच्या घरी पेटीत पडून असतील त्यांनी त्या शुक्रवारपर्यंत कार्यालयात पोचत्या कराव्या, आणि कोपऱ्यात नाव टाकून द्यावे, म्हणजे कोणाची कोणती हे पुढे घोटाळा होणार नाही.